‘तेव्हा देश एक होता’ म्हणे! १९६२ च्या चित्रफितीवरून

तिसरी घंटा :
काल इथे कुणीतरी फिल्म्स डिव्हिजनची १९६२ च्या चीन युद्धावेळची चित्रफीत टाकली. संरक्षण निधीसाठी मनगटातली पाटली ओढून काढून ताटात ठेवणाऱ्या बायका, मैदानात कवायत करणारी कॉलेजची पोरं, घाटातून चाललेले लष्करी ट्रक. वर मथळा : ‘तेव्हा देश एक होता, आता नुसती भांडणं.’ खाली नमस्कारांची रांग. डोकं उठलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

अहो, ही समाचारचित्रं सरकारने काढलेली. थिएटरवाल्याला परवाना टिकवायचा तर मुख्य सिनेमाआधी दाखवावीच लागायची, वर भाडंही त्यानेच भरायचं. त्यात नामका चू, म्हणजे ईशान्य सरहद्दीवरची ती नदी, दिसते का? २० ऑक्टोबरला तिथे आपल्या सातव्या ब्रिगेडची दाणादाण उडाली, दोन दिवसांत ब्रिगेडियर दळवी कैद झाले. सुती कपड्यांवर थंडीत बसवलेले जवान जुन्या .३०३ रायफली घेऊन लढले. चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबलं, बायकापोरांसकट. तेही नाही. बाकी सगळं कात्रीखाली गेलं म्हणून एकी दिसते.

सुभेदार (नि.) :
कॅमेरा नामका चूला नेणार कसा? तिथे धड रेशन पोचत नव्हतं, विमानातून टाकलेला माल दरीत जात होता. १८ नोव्हेंबरला लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत १३ कुमाऊं पलटणीच्या एका कंपनीतले ११४ जवान पडले, तेही कुणी चित्रित केलेलं नाही. म्हणून ते झालंच नाही का? बायकांनी सोनं दिलं ते खरंच दिलं. माझ्या आईने बोरमाळ दिली. पावती अजून आमच्या ट्रंकेत आहे. तुमच्या घरून काय गेलं ते सांगा, मग कात्रीचं बोलू.

सराफकट्टा :
आमच्या घरून काय गेलं? धंदा गेला, सुभेदारसाहेब.

पाटल्या ताटात पडल्या त्याला तीन महिने होत नाहीत तोच जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण आणलं. १४ कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायचा नाही! म्हणजे निम्म्याहून जरासं जास्त सोनं, बाकी तांबं-चांदी. आजोबा सांगायचे, ठोकायला घेतलं की मणी तडकायचा, आणि काळा पडला की गिऱ्हाईक तोंडावर फेकायचं. बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी, विझली, ऐरण पलंगाखाली गेली. माणूस फुंकणी ठेवून गिरणीत बदली कामगार म्हणून लागला, पन्नाशीला टेकलेला. कारागिरांनी जीव दिले. यांची चित्रफीत कुठाय?

दमडी :
थांबा जरा. मुंबईत सोन्याचा भाव परदेशातल्या भावाच्या जवळपास दुप्पट होता. तस्करीचा बराच माल कोकणच्या किनाऱ्यावर उतरायचा. परकीय चलन नाही आणि लष्कराला शस्त्रं हवीत, अशा वेळी अर्थमंत्र्याने काय करायचं? सोनारांचं वाईट झालं, मान्य. पण हेतू चुकीचा नव्हता.

सराफकट्टा :
मान्य केल्याबद्दल आभारी आहे. आजोबांच्या फोटोपुढे वाचून दाखवतो.

तस्करी थांबली का ते सांगा. ऑगस्ट ६३ मध्ये कामराज योजनेत, म्हणजे बड्या मंत्र्यांनी पद सोडून पक्षाचं काम करायच्या त्या योजनेत, मोरारजी गेले, नियंत्रण मात्र राहिलं. १९६८ ला संसदेने त्याचा पक्का कायदा केला. तेव्हा अर्थमंत्री कोण? परत तेच. कायदा रद्द व्हायला १९९० उजाडलं. मधल्या काळात मस्तान, बखियासारखे तस्कर मोठे झाले आणि आमच्या आळीत कुलपं लागली.

कराडचा पाव्हणा :
सोनं-सोनं काय लावलंय. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, ते इसरलासा व्हय?

तिसरी घंटा :
धावला खरा. यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपद घेतलं २१ नोव्हेंबरला. चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, ती कधी? २१ नोव्हेंबरलाच.

कराडचा पाव्हणा :
मग ६५ ला पाकिस्तानम्होरं सैन्य उभं हुतं, ते काय तुमच्या घंटेनं? आदल्या संरक्षणमंत्र्याचा, त्या मेननचा घोळ निस्तरला कुणी? उगं पुस्तकी खुसपटं काढू नगासा.

खाकी पट्टा :
कवायतीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो, कारण मी त्यात होतो. १९६३ पासून कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. पहाटे मैदान, बुटांना पॉलिश, पट्ट्याच्या पितळेला ब्रासो. निम्मी पोरं हजेरीपुरती. नाश्त्याच्या कुपनावरून मात्र खरी लढाई. रायफल उघडून जोडायला शिकलो, गोळी क्वचितच झाडली. १९६८ ला सक्ती उठली तेव्हा वसतिगृहात जल्लोष झाला. पडद्यावर आम्ही फार ताठ दिसतो, एवढंच म्हणणं.

सुभेदार (नि.) :
नाश्त्यासाठी आलेल्यांनी देशाची तयारी जोखू नये. त्याच एनसीसीतून पुढे किती अधिकारी झाले! बाकी घंटा, एक गोष्ट नाइलाजाने मान्य : देवलीच्या छावणीचं मला आजवर ठाऊक नव्हतं. पण म्हणून आईची बोरमाळ सरकारी नाटक ठरत नाही.

तिसरी घंटा :
बोरमाळीला नाटक कोण म्हणतंय? माझं भांडण मथळ्याशी आहे.

सराफकट्टा :
आणि माझं तुम्हा दोघांशी. धाग्यात दहा वेळा बोरमाळ आली, ती घडवणाऱ्याचं कुणी विचारलं नाही. दमडीसाहेब, तस्करी थांबली का? उत्तर अजून बाकी आहे.

दमडी :
नाही थांबली. झालं समाधान?