युद्धकाळात आपल्या गावाने, गल्लीने काय केले? अनुभव लिहावेत

तापीकाठ
७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावाच्या यादीत भुसावळचे नाव वाचले आणि डिसेंबर १९७१ मधली आमची रेल्वे वसाहत आठवली. ३ तारखेला युद्ध सुरू झाले, तेव्हा खिडक्यांच्या काचांना खळीने काळे कागद चिकटवण्याचे काम आम्हा शाळकरी मुलांकडे आले. रात्री गस्त घालणाऱ्या मोठ्यांनी मात्र प्रत्येक चाळीची एक वही केली होती. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोणाचा कर्ता पुरुष रात्रपाळीला गाडीवर गेला आहे, कोणाच्या सुनेचे दिवस भरत आले आहेत, हे सारे तिच्यात लिहिलेले असे आणि भोंगा वाजला की आधी त्या घरांकडे जायचे, हे ठरलेले होते. शिट्टी आणि काठीपेक्षा त्या वहीने लोकांना अधिक धीर दिला, असे मला आजही वाटते. आपल्या घरी ऐकलेले, पाहिलेले जरूर लिहा.

बोरीकाठची
१९६५ साली अमळनेर स्टेशनवरून जवानांची गाडी जाणार असल्याचा निरोप आला की सासूबाईंचे भजनी मंडळ कामाला लागत असे. पोळ्या दुसऱ्या दिवशी वातड होतात म्हणून दुधात कणीक भिजवून दशम्याच करायच्या, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी द्यायची आणि ज्या घरात दुभते आहे त्या घरानेच दूध द्यायचे, असा त्यांचा दंडक होता. शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा बाळंतिणींनी आणि लेकरांनी उपास करायचा नाही, हेही या बायकांनीच घरोघरी जाऊन बजावले.

पांझरा
ताई, आमच्या आजीच्या दशमीत गूळही असे. धुळ्यात अंधार पाळायच्या रात्री गल्लीतून ‘दिवा मालवा वं माय’ अशी हाक येई, आणि हाक मारणारा ओळखीचा असल्याने कोणी वाद घालत नसे.

सुवर्णनगरी
आमचे घराणे जळगावच्या सोनारांचे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी दागिने गोळा होऊ लागले, तेव्हा आजोबांनी एकच आग्रह धरला, की तोलकाटा चौकात सर्वांसमोर मांडायचा आणि ज्या बाईने दागिना दिला, तिच्याच हातात वजन लिहिलेली पावती द्यायची. एका म्हातारीने बोटातून निघत नसलेले वळे साबण लावून तिथेच काढले होते, हे ते फार गहिवरून सांगत. पुढे जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले, १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास बंदी झाली आणि त्याच तोलकाट्यामागे बसणाऱ्या कारागिरांच्या पोटावर पाय आला. देशासाठी लोकांना एकत्र आणणाऱ्यांचे घर कसे चालेल, याचाही विचार आधी व्हायला हवा होता, असे मी मनापासून म्हणतो.

पांझरा
दादा, हे माहीत नव्हते, वाचून वाईट वाटले. आमच्याकडे १९७१ ची काही पत्रे आहेत. त्या नोव्हेंबरपासून निर्वासितांच्या मदतीसाठी पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, ते त्यांवर दिसते. बांगलादेशातून आलेल्या लोकांसाठी आपल्या घरातल्या साध्या खुशालीच्या पत्रानेही वाटा उचलला, याचे मला अप्रूप वाटते.

केळीबाग
मी रावेरचा, वयाने लहान आहे. यंदा आमच्या गल्लीत अशी वही करायची आहे. मोबाइलवर गट आहे, पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या त्यात नाहीत. काका, त्या वहीत रकाने कोणते होते?

तापीकाठ
घराचा क्रमांक, माणसे, आजार, रात्री घरी कोण असते आणि किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे ठेवलेली आहे. शेवटचा रकाना पेन्सिलीने भरत, कारण तो वारंवार बदलत असे.