कार्टूनवरच्या गेममध्ये मुलांना हरू द्यायचं की नाही?

चिमणचारा

परवा मुलाबरोबर 'पॉ पेट्रोल: ऑन अ रोल' खेळायला बसले, मदतीला धावणाऱ्या कुत्र्याच्या पिल्लांच्या कार्टूनवरचा गेम. मुलगा सहा वर्षांचा. मालिका २०१३ पासूनची, गेम २०१८ चा. सगळी पिल्लं त्याला नावानिशी पाठ, त्यामुळे पहिली दहा मिनिटं नुसता जल्लोष. मग त्यातला चेस एका खड्ड्यात पडला आणि लगेच जसाच्या तसा वर आला. मुलानं माझ्याकडे बघितलं, त्याला मुद्दाम पुन्हा खड्ड्यात नेलं. पुन्हा वर. असं सात-आठ वेळा झालं. शेवटी कंट्रोलर सोफ्यावर ठेवला आणि म्हणाला, "आई, हा हरतच नाही. मग मी काय करू?"

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

मी लहानपणी 'डक टेल्स' या कार्टूनवरचा गेम खेळले आहे, कॅपकॉम कंपनीचा, १९८९ चा. त्यातले बदक अंकल स्क्रूज काठीवर टुणटुण उड्या मारत जायचे. पण हिमालयाच्या लेव्हलमध्ये बर्फावर तशी उडी मारली की रुतून बसायचे! ते कुणी सांगितलं नव्हतं, आऊट होऊन होऊन कळलं. कळलं त्या दिवशीचा आनंद अजून आठवतो. कार्टून बघताना मूल नुसतं बघत असतं, ते ठीकच आहे. पण गेम त्याच्या हातात दिला तर त्याच्या करण्या-न करण्यानं काहीतरी बदललं पाहिजे. चुकण्याची सोयच काढून टाकली तर तो गेम कसला? बटण दाबत बघायचा आणखी एक एपिसोड झाला. माझं मत स्पष्ट आहे: हे गेम मुलांना कमी लेखतात.

निळीशाई

अजिबात पटलं नाही. तुमचा मुलगा सहाचा आहे, माझी लेक साडेतीनची. हे गेम मुळात तिच्यासारख्यांसाठी आहेत.

तिच्या हातात कंट्रोलर मावतसुद्धा नाही. डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं उडी मारायची, नजर मात्र स्क्रीनवर ठेवायची, ही तीन कामं एकत्र करणं तिच्यासाठी केवढं मोठं आहे! पहिले दोन दिवस ती उडी मारायच्या आधी थांबायची, मान खाली घालून बटण शोधायची, मग वर बघायची. तोवर पिल्लू खड्ड्यात. प्रत्येक वेळी 'गेम ओव्हर' आलं असतं तर तिनं परत हात लावला नसता. आता न बघता उडी मारते. चूक करायला तिला पन्नास वेळा मोकळीक मिळाली म्हणून हे जमलं. तुमच्या मुलाला तो गेम लहान झालाय, बूट लहान होतो तसा. त्यात बुटाचा काय दोष?

आणि जुन्या गेमचं म्हणाल तर 'डक टेल्स'मध्येसुद्धा सुरुवातीला सोपं, मध्यम, अवघड असं निवडता यायचं. लहानांचा विचार तेव्हाही होताच.

तिरपीरेघ

धागाकर्तीशी सहमत, पण जुन्या गेमचे फार गोडवे गाऊ नका. निन्जा टर्टल्सचा घरी खेळायचा १९८९ चा गेम ज्यांनी खेळलाय त्यांना धरणाची लेव्हल विचारा. पाण्याखाली आठ बॉम्ब निकामी करायचे, वेळ २ मिनिटं २० सेकंद, आणि दोन्ही बाजूंना वीज सोडणारं शेवाळ. शिवलं की चटका. मी आणि माझा भाऊ आठवडाभर तिथेच अडकलो होतो. कार्टूनमध्ये टर्टल्स धमाल करायचे, विनोद करायचे. गेममध्ये आमच्या वाट्याला ते शेवाळ! त्यातून मी काही शिकलो असं मला वाटत नाही. फक्त चिडलो.

हरणं वेगळं आणि छळ वेगळा. हरल्यावर 'का हरलो' हे मुलाला दिसलं पाहिजे. बर्फात रुतलेला स्क्रूज दिसतो. शेवाळाच्या फटीतून जायला बोट किती नाजूक हलवावं लागतं, ते आठ वर्षांच्या मुलाला कसं दिसणार?

आडवाट

सोपं की अवघड यात मला फारसं गम्य नाही. माझ्या मते खरा प्रश्न पैशांचा आहे आणि तो कुणीच काढलेला नाही.

स्मर्फ आठवतात? टीव्हीवरची निळी बुटकी मंडळी. त्यांच्यावरचा 'स्मर्फ्स व्हिलेज' हा फोनवरचा गेम २०१० साली आला, फुकट. गावात बी पेरायचं, पीक यायची वाट बघायची. वाट बघायची नसेल तर 'स्मर्फबेरी' वापरायच्या, आणि त्या बेरी खऱ्या पैशांनी विकत. तेव्हा ॲपलच्या फोनवर पालकांनी एकदा पासवर्ड टाकला की पुढची पंधरा मिनिटं पुन्हा न विचारता खरेदी होत असे. मुलं बेरी खरेदी करत सुटली, त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. असल्या खरेद्यांवरून पालकांच्या इतक्या तक्रारी झाल्या की २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेबरोबरच्या तडजोडीत ॲपलनं किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायचं कबूल केलं.

ओळखीचा, लाडका चेहरा समोर असला की मूल विश्वास टाकतं. त्या विश्वासावर दुकान थाटणं मला अक्षम्य वाटतं. चेस खड्ड्यातून फुकट वर येतोय ना? मग येऊ दे.

निळीशाई

@आडवाट, शंभर टक्के. एक रक्कम देऊन घेतलेला आणि पुढे काही न मागणारा गेम मी केव्हाही पत्करीन.

कंदील

मी आजी आहे, गेम मला फार कळत नाहीत, पण नातवंडांबरोबर 'ब्लुई' या कुत्र्यांच्या कुटुंबाच्या कार्टूनवरचा गेम खेळले, २०२३ चा. त्यात ब्लुई, बिंगो आणि त्यांचे आईबाबा असे चौघं एका वेळी खेळू शकतात. मला चिली दिली, म्हणजे आई.

फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही असा एक खेळ आहे त्यात, मालिकेतल्या एपिसोडमधलाच. मला काही जमेना, मी सारखी भिंतीला धडकत होते. चार वर्षांची नात उठून माझ्या मांडीवर बसली, माझ्या अंगठ्यावर तिचा अंगठा ठेवला आणि म्हणाली, "असं हळू, आजी." तुम्ही हरणं-जिंकणं म्हणताय, तिथे ते कुणाच्या मनातही नव्हतं. गेम फार लवकर संपतो ही तक्रार सुनेनं केली, ती खरी आहे. पण मुलं तो संपल्यावर त्या घरात नुसतीच हिंडत बसतात. टीव्हीवर बाहेरून बघितलेल्या घरात आत जायला मिळतं, याचं त्यांना केवढं अप्रूप!

तिरपीरेघ

आजी, हे फार सुंदर लिहिलंत. पण मग मी म्हणेन की ती गंमत तुम्ही शेजारी होतात म्हणून आली. तुमच्या जागी रिकामा सोफा असता तर?

कंदील

असता तर ती माझ्याकडे स्वयंपाकघरात आली असती, मला ओढून न्यायला. दोनदा आलीसुद्धा.

चिमणचारा

सगळे प्रतिसाद वाचले. निळीशाई, बुटाचं पटलं. साडेतीन वर्षांच्या मुलीचा विचार मी केलाच नव्हता, ते चुकलं. पण सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी माझं म्हणणं मी सोडत नाही.

काल त्याला स्पंजबॉबचा 'बॅटल फॉर बिकिनी बॉटम' दिला, २००३ चा, २०२० मध्ये नव्यानं काढलेला. यात शंभर सोनेरी उलथनी गोळा करायची असतात. स्पंजबॉब हरतो, चड्ड्या संपल्या की (तीच त्याची शक्ती!) थोडं मागून सुरू करावं लागतं, पण सगळं पहिल्यापासून नाही. तिरपीरेघ म्हणाले तसं, का पडलो ते दिसतं. वाळूच्या घसरगुंडीवर तो वळणावर जोरात जायचा आणि कडेवरून खाली. दहाव्या वेळी रडला, पाय आपटले, खोलीत जाऊन बसला. वीस मिनिटांनी परत आला आणि वळणाच्या आधी वेग कमी केला. त्याचं त्यानंच.

निळीशाई

आणि तो रडत होता तेव्हा? कंट्रोलर तुम्ही घेतलात का हातात? मी असते तर घेतला असता.

चिमणचारा

हात गेला होता माझा. तो खोलीतून ओरडला, "आई, तू नको लावूस!"