मदत हवी आहे: आईबाबांसोबत बॅलरॅट, एका दिवसात काय काय जमेल?

जूनमध्ये आईबाबा मेलबर्नला आमच्याकडे येत आहेत. त्यांना बॅलरॅट या सोन्याच्या खाणींच्या जुन्या गावाला न्यायचं ठरलंय, पण दिवसाची आखणी काही जुळत नाहीये. ज्येष्ठांना घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया मदत करा.

बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांना सोन्यापेक्षा तिथल्या खाणकामगारांच्या युरेका उठावाची ओढ आहे. १८५१ मध्ये तिथे सोनं सापडल्यावर जगभरातून माणसं लोटली. सोनं मिळो न मिळो, खाणकामाच्या परवान्यासाठी महिन्याला ३० शिलिंग भरा, असा सरकारी हुकूम होता. तो असंतोष वाढत गेला आणि ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे सैन्याने खाणकामगारांच्या लाकडी तटबंदीवर हल्ला केला. पुढे राजद्रोहाच्या खटल्यातले तेराही जण निर्दोष सुटले आणि त्या लढाईत हात गमावलेला त्यांचा पुढारी पीटर लेलॉर विधिमंडळात गेला! त्यांच्या मूळ झेंड्याचे अवशेष युरेका सेंटरमध्ये आहेत, ते बाबांना बघायचेच आहेत.

आईला मात्र सॉव्हरिन हिल आवडेल याची मला खात्री आहे. ते १९७० मध्ये सुरू झालेलं, जुन्या वस्तीसारखं उभारलेलं गाव आहे, हे ठाऊक आहे. तरी घोडागाड्या, सोनं वितळवून लगड ओतताना बघणं, ओढ्यात थाळीने वाळू चाळून सोन्याचे कण शोधणं, हे सगळं तिथे आहे, आणि वाळू तर तिला स्वतःच्या हाताने चाळून बघता येईल. बाबांच्या मते खरं गाव लिडियार्ड स्ट्रीटवर आहे, आणि तिथल्या जुन्या इमारती बघता ते पटतंही.

अडचण आईच्या गुडघ्यांची. सॉव्हरिन हिल उतारावर आहे आणि रस्ते कच्चे. व्हीलचेअर तिथे नीट चालते का? तिथल्या रेड हिल खाणीत १८५८ मध्ये सापडलेल्या ६९ किलोंच्या 'वेलकम' या सोन्याच्या गोळ्याची गोष्ट दाखवतात, पण तिथे पायऱ्या किती आहेत? खाली न उतरता आईला बाहेर बसायला जागा मिळेल का?

ट्रेन दीड तासाची असल्याने सकाळी लवकर निघू. आधी युरेका सेंटर आणि मग सॉव्हरिन हिल, की उलट? लिडियार्ड स्ट्रीट स्टेशनलगतच आहे, तेव्हा परतताना ती बघावी असं डोक्यात आहे. पण जूनमध्ये अंधार लवकर पडतो आणि थंडीही मेलबर्नपेक्षा कडक. आई अंडंही खात नाही, तर डबा घरूनच नेऊ का?

शिवाय दगदग होणार असेल तर एक रात्र राहायचीही तयारी आहे. राहिलेल्यांनी स्टेशनजवळचं, लिफ्ट असलेलं ठिकाण सुचवावं.