मदत हवी आहे: लेक सप बोर्डवर उभीच राहत नाही, परवा परत निघायचंय

लेकीची_आई
फुगवायचा सप बोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) घेऊन आलोय. लेक आठ वर्षांची. गुडघ्यावर बसते, पण उभी राहा म्हटलं की कडा घट्ट धरते आणि रडायला लागते. तिला धीर यावा म्हणून मी मागे उभी राहते, तर बोर्ड इतका डगमगतो की दोघी पाण्यात. व्हिडिओ सगळे पाहून झालेत. लाइफ जॅकेट आहे. परवा दुपारी निघायचंय. तिची भीती घालवायला नक्की काय करू? "हळूहळू होईल" एवढंच सांगू नका, प्लीज.

खाडीकाठ
कुठे आहात? समुद्रात उतरताय की खाडीत? किती वाजता? बोर्डाची लांबी-रुंदी, आत हवा किती पीएसआय (दाबाचं माप, पंपाच्या काट्यावर दिसतं), दोघींची वजनं, पोहता कोणाला येतं? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

फेसाळ
सप सोडा. आठ वर्षांच्या मुलीला बॉडीबोर्ड द्या. उभा धरला तर तिच्या बेंबीपर्यंत येईल एवढा हवा. समुद्रकिनाऱ्यावर, तिच्या कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या फेसावर पोटावर झोपवायचं आणि फेस बोर्डाला टेकायच्या क्षणी मागून हलकं ढकलायचं. वाळूपर्यंत आपोआप येते. उभं राहायचा प्रश्नच नाही, पडली तर पाय टेकतात. मुलांची भीती याच्याइतकी झटपट कशानेच जात नाही.

लेकीची_आई
बॉडीबोर्ड नाहीये, सप आहे, तेच विचारतेय.
मालवणजवळचं देवबाग. खाडीच्या बाजूला. नाश्ता करून दहा-साडेदहाला उतरतो. बोर्ड साडेदहा फुटी, रुंदी ३२ इंच लिहिलीय. हवा भरपूर आहे, चांगला टणक लागतो. माझं वजन ६८, तिचं २४. मला तलावात पोहता येतं, तिला नाही.

खाडीकाठ
"टणक लागतो" हे माप धरू नका. आठ पीएसआयलाही बोर्ड हाताला दगडासारखा लागतो. सहा इंच जाडीच्या बोर्डाला साधारण १२ ते १५ पीएसआय लागते, नेमका आकडा व्हॉल्व्हजवळ छापलेला असतो. पंपाचा काटा सुरुवातीला बराच वेळ शून्यावरच राहतो, म्हणून माणसाला वाटतं गेज बिघडलाय. खरी मेहनत काटा हलल्यानंतरच असते. दुहेरी पंप असेल तर आठ-नऊला जड झाला की तो एकेरीवर टाका, म्हणजे फक्त खाली दाबताना हवा जाते आणि पुढचं भरता येतं.

तपासायला सोपं: बोर्डाची दोन्ही टोकं दोन खुर्च्यांवर ठेवा आणि मधोमध तळहातांनी जोर द्या. मध्ये खोलगट झाला तर हवा कमी. तुमचं दोघींचं मिळून ९२ किलो आहे. कमी हवेत बोर्ड मध्ये बसतो, नाक आणि शेपूट वर येतात, आणि जरा इकडेतिकडे झालं की कुशीवर वळतो. तुमचं डगमगणं निम्मं तरी इथलंच असावं.

उरलेलं तुम्ही मागे उभ्या राहण्यामुळे. मधलं हँडल हा तोलाचा बिंदू. तुम्ही शेपटाकडे गेलात की नाक उचलतं, आणि लेक नेमकी त्या उचललेल्या नाकावर बसलेली असते. तुम्ही हँडलच्या लगेच मागे गुडघे टेकून बसा, ती हँडलच्या पुढे वीतभर अंतरावर, मांडी घालून. दोघी एकदम उभ्या राहायचं विसरूनच जा.

मांडवी_७
तुमी साडेधाक कित्याक उतारतास? आज नवमी.

जरा सगळ्यांना कळेल असं सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजी वेळ येते. नवमी म्हणजे पावणेसात, उद्या दशमी साडेसात, परवा एकादशी सव्वाआठ. आत खाडीत पाणी जरा उशिरा चढतं. म्हणजे आज तुम्ही साडेदहाला उतरलात तेव्हा भरती होऊन पावणेचार तास झाले होते. ओहोटीची ओढ तिसऱ्या-चौथ्या तासातच सगळ्यात जास्त, आणि देवबागला ती थेट संगमाकडे, म्हणजे खाडी समुद्राला मिळते तिकडे नेते. भांगाचे (भरती-ओहोटी कमी असण्याचे) दिवस म्हणून ओढ बेताची. पुनवेच्या उधाणात त्या वेळेला मुलीला घेऊन उतरू नये.

शिवाय दहानंतर त्सुनामी आयलंडला जाणाऱ्या बोटी सुरू होतात, त्यांच्या लाटा आडव्या येतात. अकरा-साडेअकराला खारा वारा सुटतो. उद्या पावणेसातला पाण्यात असा, सव्वाआठला, ओहोटीचा जोर वाढायच्या आत, बाहेर. चढत्या पाण्यात चुकून वाहत गेलात तरी खाडीच्या आत जाल, बाहेर नाही.

फेसाळ
@मांडवी_७ वेळेचं पटलं. पण खाडीत खाली काय आहे ते दिसत नाही. कालवं (धारदार शिंपले) लागलेला खडक असला की पाय कापतो. समुद्रात निदान वाळू असते.

मांडवी_७
पायात जुने बूट घाला, झालं. आणि सगळ्या खाडीत कालवं नसतात, वाळूच्या पट्ट्याजवळ उतरायचं. पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत बसलेलं पाकट (शेपटीत काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जातं.
समुद्रात पोहता न येणारं पोर तुम्ही जॅकेटशिवाय फेसात घालणार का?

फेसाळ
कमरेएवढ्या पाण्यात, आई हाताच्या अंतरावर असताना, हो. जाड जॅकेट घालून पोटावर झोपता येत नाही, छाती उचललेली राहते आणि बोर्डाचं नाक पाण्यात खुपसतं.

खाडीकाठ
मग जॅकेट काढू नका, बोर्ड बदला. पोहता न येणाऱ्या मुलाचं जॅकेट पाण्यात उतरायच्या आधी चढतं आणि बाहेर आल्यावर निघतं. यात दोन मतं नकोत. आणि फेस उथळ असला तरी शेजारी ओढ असू शकते. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्ये पट्टा गडद, शांत दिसतोय, तिथेच पाणी किनाऱ्यापासून आत समुद्रात जात असतं. नवख्यांना नेमकी तीच जागा बरी वाटते. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था मोठ्या लाटांचे इशारे देते, तेही बघायला हवेत. आकाश निरभ्र असतानाही दक्षिणेच्या लांबच्या वादळाच्या लाटा आपल्याकडे पोचतात.

सुरूचं_बन
बोर्ड घरी नेण्याआधी गोड्या पाण्याने धुवा, व्हॉल्व्हच्या खाचेतली वाळू ब्रशने काढा, सावलीत पूर्ण वाळवा, मगच गुंडाळा. ओला गुंडाळला की आतल्या घडीवर काळे ठिपके येतात. पूर्ण भरलेला बोर्ड दुपारच्या उन्हात ठेवू नका, हवा प्रसरण पावते आणि शिवणी सुटतात. दोन-तीन पीएसआय सोडून ठेवा. फिन (बोर्डाच्या तळाचा पर) काढून ठेवा, नाहीतर वाकते.

लेकीची_आई
धुण्याचं नंतर बघते हो. आत्ता गेज लावून पाहिला, आठच होती! भरतेय.
जॅकेटचं निघालंय तर सांगते, राहतोय तिथूनच मिळालं, मोठ्यांचंच आहे, पट्टे पूर्ण आवळलेत. पडली की जॅकेट वर सरकून कानापर्यंत येतं, तोंड निम्मं झाकतं. ते चालतं ना?

खाडीकाठ
नाही चालत. हे पहिल्या पोस्टमध्येच यायला हवं होतं.

पडल्यावर तोंड झाकलं जातं, डोळ्यांसमोर फक्त नारिंगी कापड, मान हलत नाही, आई दिसत नाही. एवढं झाल्यावर पोर कडा कशी सोडेल? भीती बहुधा तिथूनच आलीय. आतलं लेबल बघा, त्यावर किती किलोच्या माणसासाठी ते लिहिलेलं असतं. तिला २०-३० किलोचं लहान मुलांचं हवं, पायांमधून जाणारा पट्टा असलेलं. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून सरळ वर ओढा. हनुवटीच्या वर गेलं तर नापास. तारकर्ली-मालवणात स्कूबावाल्यांकडे, पर्यटकांच्या बोटींवर विचारा. मुलांची मापं असतात, मागावी लागतात. नाहीच मिळालं तर उद्या तिला बोर्डवर घेऊ नका, गुडघाभर पाण्यात खेळवा.

जॅकेट मिळालं की पहिली पंधरा मिनिटं फक्त पडायचं. बोर्ड तिच्या छातीएवढ्या पाण्यात. आधी तुम्ही पडा, तिला बघू दे. बोर्डापासून लांब, बाजूला, हातपाय पसरून सपाट. सूर नाही, उभी उडीही नाही, उथळात मान किंवा घोटा जातो. मग ती. "एक, दोन, तीन" तिनेच म्हणायचं आणि तिनेच सुटायचं, तुम्ही ढकलायचं नाही. एकदा जरी फसवून ढकललंत तर तो दिवस गेला.

मग परत चढणं. मधल्या हँडलला हात, आधी पाय मागे वर तरंगू द्यायचे, नुसते लोंबकळत ठेवले तर ते बोर्डाखाली जातात. पाय मारत पोट बोर्डावर आडवं ओढायचं, मग वळायचं. तुम्ही पलीकडची कड दाबून धरा म्हणजे बोर्ड तिच्या अंगावर उलटणार नाही. तिचं तिला चढता आलं की उभं राहायचं ती स्वतःच विचारेल, आणि तेव्हा तुम्ही पाण्यात उभ्या राहून शेपूट धरा. बोर्डावर ती एकटीच. पाय हँडलच्या दोन्ही बाजूंना, खांद्याएवढे लांब, बोटं पुढे. नजर पायांकडे गेली की पडते, म्हणून किनाऱ्यावरचा एखादा माड ठरवून द्या.

फेसाळ
पडायचा सराव आधी, हे मान्य. बॉडीबोर्डवरही तेच करतात.

निळा_डबा
वाशिष्ठीच्या खाडीत कसं आहे सपला? चिपळूणला घर आहे.

मांडवी_७
वाशिष्ठीत मगरी आहेत. नको. हवं तर नवा धागा काढा, इथे ताईंना परवा निघायचंय.

लेकीची_आई
जॅकेट मिळालं, २०-३० किलोचं, पायातल्या पट्ट्यासकट. खोलीतच ओढून बघितलं, हनुवटीच्या खाली राहतंय. बोर्ड १४ ला आणला, खुर्च्यांवर ठेवून दाबला, वाकत नाही. गजर सहाचा. शेवटचं एक: पायाची दोरी एकच आहे. तिच्या पायाला बांधू की माझ्या?

खाडीकाठ
सरावात, उथळात, कोणालाच नको, बोर्ड तुमच्या हातात आहे. वल्हवत निघालात तर तुम्हाला. तिला कधीच नाही, ती जॅकेटवर तरंगेल आणि तुम्ही तिच्याकडे जाल. खाडीत नांगरलेल्या होड्यांचे दोर आणि जाळ्यांचे खुंट असतात, घोट्याची दोरी त्यात अडकली तर ओढीत वाकून ती सोडवता येत नाही. एका झटक्यात सुटणारा कमरेचा पट्टा मिळत असेल तर दोरी त्याला लावा. नसेल तर होड्यांपासून लांब राहा आणि किनारा सोडू नका.

वल्हं तुमच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त ठेवा, बसून वल्हवताना कमी करा. पात्याचा बाक पुढे, नाकाकडे. नवखे बरेचदा उलटं धरतात.

मांडवी_७
आणि काठावर एक माणूस फोन घेऊन बसवा. सव्वाआठ म्हणजे सव्वाआठ.