साडेतीन वर्षांच्या पोराला तीस वेळा भूल?

सोनूचे बाबा:
मेंदूतली गाठ काढली, आता तीस शेक आहेत, म्हणजे रेडिएशन. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. डॉक्टर म्हणतात दर वेळी पूर्ण भूल द्यावी लागेल. शेक दुखत नाही म्हणता, मग भूल कशाला? आमची आई म्हणते, मी धरून बसते त्याला. आणि एवढ्या भुलेचा डोक्यावर परिणाम?

मनूची आई:
दादा, धरून बसता येत नाही. मशीन चालू असताना आत फक्त लेकरू. भूल देणारे डॉक्टरसुद्धा बाहेर, कॅमेऱ्यावर श्वास बघत. तोंडावर जाळीचा घट्ट मास्क, तो टेबलाला अडकवलेला. काही मिलीमीटर हललं तरी किरण भलतीकडे.

मनू तेव्हा तीन वर्षांची. पोर्टमधून, म्हणजे औषधासाठी कातडीखाली बसवलेल्या डबीतून, पांढरं भुलेचं औषध जायचं, प्रोपोफॉल. ती "दूध" म्हणायची, आणि पुढचा शब्द यायच्या आत गाढ. नळीबिळी नाही, श्वास स्वतःचा, नाकाशी फक्त ऑक्सिजन. अर्ध्या-पाऊण तासात पार्ले-जी मागायची.

खरा छळ उपाशीपोटाचा. खाणं आणि वरचं दूध सहा तास आधी बंद. एकदा नंबर लांबत लांबत दुपारचा दीड वाजला, पोरगी भिंतीला डोकं आपटत होती. मी जिन्याखाली लपून उपमा खाल्ला, अजून लाज वाटते. साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते आधीच विचारा, बरंच उशिरापर्यंत चालतं. आणि हात जोडून पहिला नंबर मागा.

निवृत्त भूलतज्ज्ञ:
परिणामाची शंका रास्त आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, 2016 मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांबाबत इशारा दिला, पण तो तीन तासांहून लांबलेल्या किंवा वारंवार दिलेल्या भुलेबद्दल, आणि आधार मुख्यतः प्राण्यांवरचे प्रयोग. तुमची भूल रोजची असली तरी दर वेळी थोडक्यात आटोपते. शेक चुकले तर गाठ मात्र परत वाढायची थांबणार नाही. सर्दी, खोकला, ताप असेल तर सकाळीच सांगा, लपवू नका.

टेक्निशियन ताई:
मास्कवर स्पायडरमॅन रंगवून घ्या, घरी "पुतळा-पुतळा" खेळा. आमच्याकडे पाच वर्षांचा एक पठ्ठ्या बाराव्या शेकापासून बिनभुलेचा झोपला. साडेतीनच्या पोराकडून मात्र आशा धरू नका, झालं तर बोनस.

सोनूचे बाबा:
सव्वासातचा नंबर मिळाला. रात्री साडेबाराचा गजर लावलाय, उठवून दूध पाजायला. आई म्हणते गजर कशाला, मी जागीच असते.