नवा कन्सोल: लाँचचे गेम मोजायचे की पहिलं वर्ष बघायचं?

कडेकोट:
नवा कन्सोल आला की सगळी चर्चा लाँचला किती गेम आहेत यावर अडकते. पण सेगाचा ड्रीमकास्ट ९ सप्टेंबर १९९९ला अमेरिकेत आला तेव्हा दीड डझनाच्या आसपास गेम सोबत होते, तरी मार्च २००१मध्ये त्याचं उत्पादन बंद पडलं. उलट निन्टेन्डोच्या स्विचची पहिल्या दिवसाची यादी तुटपुंजी होती आणि तो धो धो चालला. मग हा आकडा बघायचाच नाही का? आणि डेव्हलपर खरंच पाठीशी आहेत की नुसत्या घोषणा आहेत, हे बाहेरून कसं ओळखावं?

चौथा_खेळाडू:
बघायचा, पण त्याच्यापुढचे बारा महिने जास्त बारकाईने बघायचे. वी यू (निन्टेन्डोचा स्विचच्या आधीचा कन्सोल) नोव्हेंबर २०१२मध्ये आला तेव्हा यादी भरगच्च होती: नवा मारिओ, असॅसिन्स क्रीड ३, मास इफेक्ट ३. घात झाला त्यानंतर. रेमन लेजंड्स हा गेम फक्त वी यूसाठी फेब्रुवारी २०१३मध्ये येणार होता. तारीख तोंडावर आली असताना प्रकाशक युबिसॉफ्टने तो ऑगस्टअखेरीपर्यंत ढकलला, कारण इतर कन्सोलवरही एकदमच आणायचं ठरलं. पिकमिन ३ जपानमध्ये थेट जुलैत पोचला. मार्चमधले एक-दोन गेम सोडले तर अर्धं वर्ष कोरडं गेलं. विक्री मंदावली, ती पाहून बाहेरच्या प्रकाशकांनी पुढचे पोर्ट (इतर कन्सोलवरच्या गेमच्या वी यू आवृत्त्या) थांबवले, त्यामुळे विक्री आणखी घटली. कन्सोलच्या विक्रीचा एकूण आकडा १ कोटी ३५ लाखांवर थांबला.

आता स्विचचं २०१७ बघा. ३ मार्चला ब्रेथ ऑफ द वाइल्ड, २८ एप्रिलला मारिओ कार्ट ८ डिलक्स, १६ जूनला आर्म्स, २१ जुलैला स्प्लॅटून २, ऑगस्टअखेरीस मारिओ + रॅबिड्स, २७ ऑक्टोबरला मारिओ ओडिसी, १ डिसेंबरला झेनोब्लेड २. दोन महिन्यांची पोकळी कुठेच नाही. मारिओ कार्ट ८ तर मुळात वी यूचाच, २०१४चा गेम. तिथे तो सुमारे ८५ लाख विकला गेला, स्विचवर त्याची सुधारित आवृत्ती ६ कोटींच्या वर गेली.

रजिस्टर_शून्य:
वरच्या तारखा बाहेरून दिसतात. त्या दोन-तीन वर्षं आधी ठरतात, डेव्ह किट (गेम बनवण्यासाठी दिलेलं खास यंत्र) स्टुडिओत पोचतं तेव्हा.

सोनीच्या पीएस३चं (प्लेस्टेशन ३) उदाहरण घ्या. त्याच्या सेल प्रोसेसरमध्ये एक मुख्य कोअर आणि गेमला वापरता येतील असे सहा एसपीई, म्हणजे छोटे मदतनीस कोअर. प्रत्येक एसपीईजवळ २५६ केबी स्वतःची मेमरी, आणि मुख्य मेमरीतला डेटा तिथे आणायचा-न्यायचा तो प्रोग्रामरने स्वतः डीएमएचा (मेमरीतून मेमरीत डेटा हलवण्याचा) कोड लिहून. हे जमलं तर वेग अफाट, नाही जमलं तर एसपीई नुसते बसून राहतात आणि सगळा भार एकट्या कोअरवर पडतो. वरून मेमरी दुभंगलेली: २५६ एमबी मुख्य, २५६ एमबी ग्राफिक्ससाठी. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६०मध्ये ५१२ एमबी सामायिक होती. तिथे टेक्स्चरला (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांना) ३०० एमबी दिले तरी चालायचं. तोच गेम पीएस३वर आणायचा तर टेक्स्चर कापा किंवा डेटा इकडून तिकडे हलवत बसा. म्हणून बऱ्याच स्टुडिओंनी आधी ३६०वर गेम बनवला आणि मग तो पीएस३वर ओढून आणला. बायोनेटाचं पीएस३ पोर्ट याचा ठळक नमुना आहे: फ्रेमरेट कमी, लोडिंग लांबलचक.

पीएस४ बनवताना त्याचे मुख्य आर्किटेक्ट मार्क सेर्नी यांनी हेच दुरुस्त केलं. पीसीत असतात तसे नेहमीचे एक्स८६ कोअर आणि ८ जीबी सामायिक जीडीडीआर५ मेमरी. कामाला हात घातल्यापासून पडद्यावर काहीतरी नीट उमटेपर्यंत पीएस३वर ६ ते १२ महिने लागत, पीएस४वर १ ते २, हा त्यांचाच हिशेब.

जुनी_काडतूस:
थोडा वेगळा मुद्दा. हार्डवेअर अवघड असलं म्हणजे स्टुडिओ पळतातच असं नाही. पीएस२ही अवघडच होता: दोन व्हेक्टर युनिट (गणितासाठीचे वेगळे प्रोसेसर) आणि व्हीरॅम (ग्राफिक्सची मेमरी) जेमतेम ४ एमबी. तरी सगळे टिकले, कारण पहिल्या प्लेस्टेशनचं गिऱ्हाईक मागे येणार याची खात्री होती. ड्रीमकास्टकडे ती नव्हती. सेगाच्या आधीच्या सॅटर्न कन्सोलमध्ये हात पोळलेले प्रकाशक सावध होते आणि ईए या बड्या प्रकाशकाने तर एकही गेम दिला नाही.

प्रकाशकाच्या खिशाचाही विचार हवा. निन्टेन्डो ६४च्या कार्ट्रिजमध्ये जास्तीत जास्त ६४ एमबी मावत, सीडीवर ६५०च्या आसपास. त्यात कार्ट्रिज महाग, आणि किती बनवायची हे बरंच आधी ठरवून पैसे मोजावे लागत. अंदाज चुकला तर माल अंगावर. सीडी स्वस्त, आणि संपली की थोड्या दिवसांत पुन्हा छापता येई. स्क्वेअरने निन्टेन्डो सोडून फायनल फँटसी ७ सीडीवाल्या प्लेस्टेशनवर नेला, तो तीन सीडींचा होता.

कडेकोट:
पटलं. पण बाहेरून ओळखायचं कसं?

रजिस्टर_शून्य:
तारखेपासून सुरुवात करा. 'या वर्षात' असं लिहिलं असेल तर तो गेम हिशेबातच धरू नका. ईएसआरबी किंवा पेगीचं (अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या व्यवस्था) वयोगटाचं रेटिंग आलं असेल तर गेम बहुधा खरंच जवळ आलाय. मग बघा, मोठे गेम इतर कन्सोलसोबत त्याच दिवशी येताहेत का. वर्षभर उशिरा आलेलं पोर्ट पूर्ण किमतीत फारसं कोणी घेत नाही, आणि पुढे तोच कमी खप दाखवून पुढचा भाग नाकारला जातो.

प्रकाशक मागे हटू लागले की सगळ्यात आधी डीएलसी (गेमनंतर विकला जाणारा जादा भाग) वगळलं जातं, त्यावर लक्ष ठेवा. बॅटमन अर्कम ओरिजिन्सचं कथेचं डीएलसी वी यूवर रद्द झालं तेव्हा कन्सोल सव्वा वर्षाचाच होता.

चौथा_खेळाडू:
यात मेमरीची भर घालतो. एकाच पिढीत दोन ताकदीची मॉडेल असतील तर कमी मेमरीचं मॉडेल बघा. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १६ जीबी, सिरीज एसमध्ये १०. बाल्डर्स गेट ३ पीएस५वर सप्टेंबर २०२३मध्ये आला, एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये. एकाच पडद्यावर दोघांनी खेळायची सोय सिरीज एसवर बसत नव्हती आणि दोन्ही मॉडेलवर सारख्याच सोयी देण्याची अट होती. शेवटी एसपुरती ती सोय वगळायला सूट मिळाली, तेव्हा गेम सुटला.