कॅमेऱ्यातले व्हिडिओ कॉम्प्युटरवर घ्यायला फार वेळ लागतोय, लवकर कसे घ्यायचे?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे मिररलेस कॅमेरा आहे आणि ३२ जीबीची दोन कार्डं. फोरके शूट केलं की दोन्ही भरतात, मग कॅमेऱ्याला केबल लावून लॅपटॉपवर कॉपी करायला बसलो की पाऊण तास कुठे गेला नाही, आणि मध्येच कॅमेऱ्याची बॅटरी संपली तर परत पहिल्यापासून, परवा असं दोनदा झालं. लॅपटॉप नवीन आहे, त्यात एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क आहे, म्हणजे दोष त्याचा नसावा. अजून एक, सलग एकच शॉट घेतला तरी कार्डवर ४-४ जीबीचे तुकडे दिसतात, ते तसेच घ्यायचे का?

प्रतिसाद १:
कॅमेऱ्याचं यूएसबी पोर्ट कुठलं आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. फोरके शूट करणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांनाही यूएसबी २.० च असतं. त्याचा वेग सेकंदाला ४८० सांगतात पण ते मेगाबिट, ८ ने भागलं की ६० एमबी, आणि प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ एमबी मिळाले तरी खूप. त्यामुळे केबल कितीही भारी आणली तरी फरक नाही पडणार. कार्ड बाहेर काढा, यूएसबी ३ चा कार्ड रीडर घ्या, कॅमेऱ्याच्या बॅटरीचं टेन्शनही गेलं.

प्रतिसाद २:
रीडर हवाच, पण नुसत्या रीडरने काम होईलच असं नाही, कार्डही बघा. साध्या यूएचएस-१ कार्डाची (यूएचएस म्हणजे कार्डाच्या वेगाची श्रेणी) कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी. मागच्या बाजूला पिनांची दुसरी ओळ असेल तर ते यूएचएस-२, ते ३१२ पर्यंत जातं, पण रीडरही यूएचएस-२ असला तरच, नाहीतर ते जुन्याच वेगाने चालतं. आणि कार्डावरचं व्ही३० बघून फसू नका, ती लिहिण्याच्या कमीत कमी वेगाची हमी आहे, वाचण्याच्या वेगाशी तिचा संबंध नाही. फोटोच्या सॉफ्टवेअरमधून इम्पोर्ट करत असाल तर तेही सोडा, ते प्रिव्ह्यू बनवत बसतं, सरळ फोल्डर कॉपी करा.

प्रतिसाद ३:
वेगाचं वरच्या दोघांनी सांगितलंच आहे, मी कळकळीने एकच सांगतो, कट-पेस्ट करू नका!! मी घाईत कट केलं, मध्येच रीडर हलला आणि काही क्लिप ना कार्डवर राहिल्या ना लॅपटॉपवर आल्या, ते शूटिंग परत करता येण्यासारखं नव्हतं. आधी कॉपी करा, फाइल्सची संख्या आणि एकूण साइज दोन्हीकडे जुळतेय का बघा, दोन-चार क्लिप शेवटपर्यंत चालवून बघा, शक्य असेल तर दुसऱ्या डिस्कवर अजून एक कॉपी, आणि मगच कार्ड फॉरमॅट, तेही कॅमेऱ्यातच.
तुकड्यांचं म्हणाल तर ३२ जीबीचं कार्ड फॅट३२ या फाइल साठवण्याच्या पद्धतीत फॉरमॅट होतं, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा पुढची फाइल सुरू करतो. सगळे तुकडे घ्या, नावं बदलू नका. कधी फोरकेऐवजी एव्हीसीएचडी या एचडी व्हिडिओच्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर नुसत्या क्लिप उचलू नका, प्रायव्हेट नावाचं आख्खं फोल्डर घ्या, तुकडे कसे जोडायचे ती माहिती त्यातच असते. नाहीतर एडिटिंगला जोडावर आवाज किंचित तुटतो आणि तो तुटलेला आवाज नंतर फार खुपतो.

प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या कॅमेऱ्याला खरंच यूएसबी २.० निघालं. रीडर आणला, आधी लॅपटॉपच्या डाव्या पोर्टला लावला तर वेग जैसे थे, मग लक्षात आलं की तेही २.० च आहे, उजवीकडच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टला लावल्यावर एक कार्ड साधारण ७ मिनिटांत झालं. कट-पेस्ट मी नेहमीच करायचो, आता बंद. दुसऱ्या डिस्कवर कॉपी आत्ता चालू आहे, ती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करत नाही.